कागदावर नाही ते

"कागदावर नाही ते माझ्या तोंडात नाही," असं अण्णा एकदा म्हणाले होते. छापखान्याच्या मालकाला म्हणाले होते, आणि तेही मालक उभा आणि आपण बसलेले असताना. कुठल्याशा मंडळाच्या सभेची सूचना छापायला आली होती आणि तिच्यात तीस दिवसांच्या महिन्याची एकतीस तारीख घातलेली होती. अण्णांनी ती होती तशी मोठ्याने वाचली. समोर बसून प्रूफ तपासणाऱ्याने ती तशीच तपासली. पाचशे प्रती छापून गेल्या आणि सभेला साहजिकच कुणी आलं नाही. "अहो, डोकं म्हणून काही असतं की नाही माणसाला?" मालक ओरडला. त्यावर हे उत्तर. मालकाला तो उद्धटपणा वाटला. खरं तर ती निव्वळ माहिती होती.

अण्णांचं काम समजावून सांगावं लागतं, कारण ते आता कुठे फारसं उरलेलं नाही. छापखान्यात एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं बसायची. एकाच्या हातात लेखकाने लिहून दिलेला मूळ मजकूर, दुसऱ्याच्या पुढ्यात नुकतंच निघालेलं ओलसर प्रूफ. पहिल्याने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने पेन्सिल धरून चूक पकडायची. अण्णा पहिले. एकतीस वर्षं, रोज सात तास त्यांनी मोठ्याने वाचलं, आणि वाचलं म्हणजे सगळंच वाचलं. शब्द तर खरेच, पण आकडे, कंस, विरामचिन्हंसुद्धा. स्वल्पविराम आला की 'स्वल्प', पूर्णविराम आला की 'पूर्ण', परिच्छेद बदलला की 'नवा'. "सभासदांस कळविण्यात येते की स्वल्प वर्गणी वेळेवर न भरल्यास सभासदत्व रद्द होईल पूर्ण नवा." असा त्यांचा दिवस जायचा. खालच्या मजल्यावर यंत्रं धडधडत असत, त्यामुळे आवाज चढा लावावा लागे. त्यावरून अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या मंडळींनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं.

टेबलाच्या पलीकडे जे बसत त्यांना अण्णा 'समोरचे' म्हणत. एकतीस वर्षांत दोघांनी एकमेकांना नावाने हाक मारली नाही. गरजच पडली नाही. काचेच्या त्या खोलीत तिसरं कुणी नसायचंच. समोरचे बोलत कमी. ओळ जुळली की "हं", नाही जुळली की "परत". यापलीकडे ते एकदाच लांबलचक बोलले होते, पेन्सिलीला टोक करता करता. "हे बघा, आवाजात काही घालायचं नाही. राग नाही, गंमत नाही, कळवळा तर नाहीच नाही. तुम्ही आवाजात काही घातलंत की मी अर्थ ऐकायला लागतो. आणि अर्थ कळायला लागला की चूक निसटते."

अण्णांना ते पटलं. त्यांच्यासारख्या माणसाला ते पटणं सोपं होतं.

तरी एकदा चूक निसटलीच. निधनाची जाहिरात होती. कोण गेलं आहे हे अण्णांना वाचायला लागेपर्यंत माहीत नव्हतं. गेले होते त्यांचे शाळेतले मास्तर, ज्यांनी त्यांचं बोट धरून पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतलं होतं ते. नावापर्यंत अण्णांचा आवाज नीट गेला आणि नावावर फुटला. समोरच्यांनी दचकून मान वर केली. तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांखालून एक ओळ तपासल्याशिवाय सरकली. दुसऱ्या दिवशी छापून आलं त्यात शोकाकुल म्हणून पत्नी होती, दोन मुलगे होते, सून होती, आणि सुनेच्या खाली खुद्द मास्तर होते. मेलेला माणूस स्वतःच्याच दुःखात सहभागी झाला होता. अण्णा माफी मागायला घरी गेले तेव्हा मास्तरांच्या बाईंनी जाहिरात दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "असू दे. तसे ते हळवेच होते."

त्यानंतर दोघांनी मिळून एक नियम केला. वाचणाऱ्याचा आवाज फुटला की त्याने उठायचं. एक शब्द बोलायचा नाही. बाहेर जायचं, माठातलं पाणी प्यायचं, परत यायचं. समोरच्याने काही विचारायचं नाही. जिथे वाचन थांबलं त्या शब्दावर बोट ठेवून बसायचं. पुढच्या बावीस वर्षांत अण्णा असे तीनदा उठले. दोनदा खोकला होता. तिसऱ्या वेळेचं त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मग संगणक आला. ओळी आपोआप जुळायला लागल्या, चुका आपोआप व्हायला लागल्या, आणि मोठ्याने वाचणारा माणूस कुणालाच लागेनासा झाला. समोरचे वारले. मालकाने काचेच्या खोलीत झेरॉक्सचं यंत्र बसवलं. अण्णा मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले आणि गप्प बसले. लोकांना वाटलं, बायको गेल्यामुळे गप्प झाले. बायको असती तर तिने लोकांना वेड्यात काढलं असतं. ती म्हणायची, "हे घरी कधी बोललेत? ह्यांना मी पत्र लिहिलं असतं ना, तर आधी तारीख वाचली असती, मग पत्ता, आणि मग मला विचारलं असतं, प्रूफ कुठाय?"

मुलगा गाद्यांच्या दुकानात विक्रेता होता. कागदावर नाही तेच दिवसभर बोलण्याचा त्याला पगार मिळे. बोलणं गोड, हात सैल, गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्याला स्वतःच्या पाठदुखीची आठवण करून देण्यात पटाईत. सून एका मोठ्या दवाखान्यात परिचारिका. आणि नात पाच वर्षांची, तिला सगळे मुंगी म्हणत, कारण तिला हलवलं तरी ती फिरून त्याच जागी येई.

मुंगीला गोष्ट वाचून दाखवणं हे आईचं खातं होतं. आई सगळे आवाज काढायची. अस्वलाचा खर्जातला, उंदराचा नाकातला. पण आई दवाखान्यातून दमून यायची आणि अस्वल व उंदीर यांच्यामधली तीन पानं एका बोटाने उलटायची. "आई, मधली नदी कुठे गेली?" मुंगी विचारायची. "आटली," आई म्हणायची. बाबाची पाळी असली तर परिस्थिती आणखी बिकट. त्याच्या एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फोन. "एक होतं अस्वल, त्याला लागली भूक, मग त्याने खाल्लं आणि झोपलं. चला, तूपण झोप." आणि गोष्टीत कुणी हरवलं, पडलं, रडलं, की बाबा त्याला त्याच ओळीत परत आणून, उभं करून, हसवून मोकळा होई. त्याच्या गोष्टीत कुणाला दुःख व्हायला जागाच नसे. गादीवर सुरकुती नसावी तसं.

त्या वर्षी दवाखान्याने आईला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला दूरच्या शहरात पाठवलं. मधे सुट्टी मिळणार नव्हती. आई रोज संध्याकाळी फोनवर दिसायची, पण फोनमधली आई बोलता बोलता गोठायची, तोंड अर्धं उघडं ठेवून, आणि मुंगीला ते बघवायचं नाही. तिने बाबाला विचारलं, "आई कधी येईल?"

"लवकर. डोळे मिटून उघडशील ना, तोवर हजर!"

मुंगीने डोळे मिटले. उघडले. पुन्हा मिटले, या वेळी जास्त वेळ. तिसऱ्यांदा उघडले तेव्हा समोर फक्त बाबा होता आणि तो फोन बघत होता. मग ती उठून आजोबांच्या खोलीत गेली. खोली म्हणजे गॅलरीला काचा लावून केलेली अर्धी जागा. अण्णांना ती पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली होती.

"आजोबा, तू सांग. आई कधी येईल?"

"मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "कागद बघावा लागेल."

कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. अण्णांनी तो काढला, चष्मा पुसला, स्टुलावर बसले आणि वाचायला लागले. जावक क्रमांक वाचला. दिनांक वाचला. विषय वाचला. "आपणांस कळविण्यात येते की स्वल्प आपली निवड झाली असून स्वल्प प्रशिक्षणाचा कालावधी सहा महिने राहील पूर्ण." खालची सही वाचता येत नव्हती, तर "सही अवाच्य" असंही वाचलं. मुंगी तोंड उघडं टाकून ऐकत होती. कुणी तिला काहीतरी सांगत होतं आणि त्यात तिच्यासाठी म्हणून काहीही घातलेलं नव्हतं. असं तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं.

"सहा म्हणजे किती?"

अण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरची सहा पानं मोजून दाखवली. मुंगीने ती बोटात धरून जाडी बघितली. जाड होती. ती रडली नाही. रोज सकाळी एका चौकोनावर फुली मारायची असं ठरलं, आणि वाचनाचं खातं त्या दिवसापासून आपोआप अण्णांकडे आलं.

मुंगीला आता पुस्तक एकच चालायचं, आईने जाताना आणलेलं. जाड पुठ्ठ्याची सोळा पानं. चिमणीला घरट्यासाठी लाल दोरा हवा असतो, तो आणायला कासव निघतं. चालतं, चालतं, दोरा घेऊन परत येतं, तोवर झाडाची पानं गळून गेलेली असतात आणि घरटं रिकामं असतं. शेवटच्या पानावर झाड, खाली कासव आणि दोन वाक्यं. 'कासव दोरा घेऊन झाडाखाली बसलं. वाट पाहू लागलं.' एवढंच. लिहिणाऱ्याला बहुधा पुठ्ठा पुरला नव्हता.

अण्णांनी मुखपृष्ठापासून सुरुवात केली. नाव, चित्रकार, आवृत्ती दुसरी, मुद्रक, पत्ता.

"आजोबा, गोष्ट वाच ना!"

"तीच वाचतोय."

"ही कुठे गोष्ट आहे? हा पत्ता आहे."

"कागदावर आहे ना? मग वाचायला हवं."

पुढे कासव बोललं. "मी आणतो दोरा," असं पुस्तकात होतं, आणि अण्णांनी ते स्वल्पासकट, पूर्णासकट, अवतरण सुरू आणि अवतरण बंद यांच्यासकट वाचलं.

"कासवाचा आवाज काढ."

"कासवाला आवाज नसतो."

"आई सगळ्यांचा काढायची."

"आईला ठाऊक असेल. मला नाही."

"स्वल्प कुठाय?" मुंगी चित्रात शोधायला लागली. कोपऱ्यात एक गोगलगाय होती, तिलाच तिने स्वल्प ठरवून टाकलं. प्रश्न मिटला. गोगलगाय गोष्टीत सगळीकडे असते आणि काही बोलत नाही, एवढं तिला पुरलं.

एकतीस वर्षं मोठ्याने वाचलेल्या माणसाला वाटलं होतं की वाचण्यातलं आता आपल्याला कुणी काही शिकवायचं राहिलेलं नाही. पण समोरच्यांनी कधी चालू पानावर पाय ठेवला नव्हता. कासवाला शी लागली तर ते पाठ काढून ठेवतं का, असं विचारलं नव्हतं. शेवटची ओळ संपताच पुस्तक उलटं करून पुन्हा पहिल्या पानावर आणून ठेवलं नव्हतं. अण्णांनी उभ्या आयुष्यात एक अख्खा मजकूर दोनदा वाचला नव्हता. इथे रोज तीनदा. चौथ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की आपण पाव आणायला खाली उतरतो तेव्हा पायऱ्यांवर 'चालत गेलं स्वल्प चालत गेलं पूर्ण' असं पुटपुटतो. पाववाला त्यांच्याकडे बघतो. एकदा मुंगीने पानाचा कोपरा चघळून चिमणीची शेपटी खाल्ली. एकदा वाचनाच्या ऐन मध्यावर ती उठून गेली, बाथरूममधून ओरडली, "थांबलास का? वाच ना, मला ऐकू येतंय!" आणि अण्णा बंद दाराला कासवाची हकिकत सांगत उभे राहिले. घसा बसला. कोमट पाण्याच्या गुळण्या सुरू झाल्या.

आणि तरीही दुपारी चार वाजता शाळेची गाडी खाली थांबली की ते चष्मा पुसून तयार असत. याचं कारण त्यांनी कुणाला सांगितलं नसतं, कारण ते फार क्षुल्लक होतं. समोरच्यांनी आयुष्यभर "हं" म्हटलं होतं, "परत" म्हटलं होतं. "मग?" असं कधी म्हटलं नव्हतं. मुंगी पान उलटायच्या आधी म्हणे, "मग?" गोष्ट तोंडपाठ असूनही म्हणे. त्या एका शब्दासाठी अण्णा पत्ता आणि आवृत्तीसुद्धा जरा भरभर वाचू लागले होते.

मुंगीही शिकत होती. एकदा चष्म्यावर डाग होता म्हणून अण्णांची अर्धी ओळ गळली. "परत!" मुंगी कडाडली. अण्णा क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी तिला नोकरीवर घेतल्यासारखा तो नियम सांगितला. आवाज फुटला तर वाचणारा उठणार, एक शब्द बोलणार नाही, पाणी पिऊन येणार. समोरच्याने विचारायचं नाही. शब्दावर बोट ठेवून बसायचं. पुढच्या आठवड्यात खरोखरच खोकला आला. अण्णा उठले. परत आले तर मुंगीचं बोट 'दोरा'वर होतं, इतकं दाबून की नख पांढरं पडलं होतं.

फक्त शेवटच्या पानावर अडायचं. पहिल्यांदा तिथे आले तेव्हा मुंगीने विचारलं, "मग चिमणी येते का?"

"कागदावर नाही."

"म्हणजे येत नाही?"

"तसंही कागदावर नाही."

मुंगीने याचा विचार केला. 'लवकर'पेक्षा हे बरं होतं. यात निदान जागा होती. तिने पुस्तक उलटं केलं. अण्णांनी मागचा पुठ्ठा वाचला, "सर्व हक्क प्रकाशकाच्या स्वाधीन पूर्ण."

"प्रकाशक कोण?"

"ज्याने पुस्तक काढलं तो."

"सगळे हक्क त्याच्याकडेच?"

"हो."

"मग त्यालाच माहीत असेल चिमणीचं," मुंगी म्हणाली, आणि तिच्या मनात हक्कांच्या गोण्या भरून बसलेला कुणी जाडा माणूस तयार झाला, तो कायमचा.

हे सगळं मुलाने एकदा दारातून ऐकलं. मुंगी खेळायला गेल्यावर तो अण्णांच्या शेजारी येऊन बसला.

"अण्णा, दोन शब्द जास्त घातले तर काय बिघडतं? 'आणि चिमणी आली.' खलास. पोर खूश."

"कुठाय ते?"

"काय कुठाय?"

"मजकुरात."

"अहो, गोष्ट आहे ती! खरेदीखत नाही."

"खरेदीखतात घातलं असतंस?"

"तुमच्याशी बोलणं म्हणजे..." मुलगा हसला. "दुकानात मी सांगतो, ही गादी वीस वर्षं हलणार नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन शांत झोपतं की नाही?"

"आणि वीस वर्षांनी?"

"वीस वर्षांनी मी असेन होय तिथे!"

कॅलेंडरची पानं गळत गेली. पाच गेली. सहावं निम्मं फुल्यांनी भरलं. मुंगी रोज उरलेले चौकोन मोजायची. बारा राहिले होते तेव्हा, एका रविवारी दुपारी, मुलाने अण्णांना स्वयंपाकघरात बोलावून दार लोटलं. ओट्यावर एक छापील कागद होता.

"तीन महिने वाढले," मुलगा म्हणाला. "माणसं कमी आहेत, तिथेच ठेवून घेतायत. ही फोनवर रडत होती. म्हणाली, मुंगीला मी नाही सांगू शकत."

अण्णांनी कागद वरपासून खालपर्यंत मनात वाचला.

"तू सांग मग."

"मी सांगितलं तर ती रडेल असं वाटतं का तुम्हाला? छे! ती तुमच्याकडे येईल. विचारेल, आजोबा, हे खरं का? मी काही बोललो तरी ती तुमच्याकडे येऊन शिक्का मारून घेते."

"मी वाचून दाखवतो."

"वाचून नाही हो! जावक क्रमांक अमुक, तुझी आई येत नाही पूर्ण?" मुलाचा आवाज चढला. मग तो खाली आला. "आज चिमणीला आणा. एकदाच. एक वाक्य. उशिरा आली पण आली. ते तिच्या डोक्यात बसलं की दोन दिवसांनी मी सांगतो, आईपण तशीच थोडी उशिरा येणार म्हणून. तुमच्या तोंडून आलं की ती मानते, अण्णा. माझ्याकडे सगळं आहे, तेवढं नाही."

नळ ठिबकत होता.

"मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?" मुलगा म्हणाला. तो विकायच्या आवाजात बोलत नव्हता. "लहानपणी एक गोष्ट वाचून दाखवा म्हणायचो. तुम्ही म्हणायचात, घसा दुखतोय. रोज. आई म्हणायची, अरे, दिवसभर वाचून येतात ते. मला कळायचं नाही, कुणाला वाचून दाखवून येतात?"

हेही कागदावर कुठे नव्हतं. अण्णांनी पत्राची घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली.

संध्याकाळी साडेपाचला काचांतून तिरपं ऊन येत होतं. मुंगी पुस्तक घेऊन आली आणि स्टूल ओढून समोर बसली. पुस्तक मधे आडवं, दोघांना दिसेल असं. अण्णांनी सुरुवात केली. चित्रकार वाचला, आवृत्ती वाचली, मुद्रकाचा पत्ता वाचला, आणि आज काहीच भरभर वाचलं नाही. उलट सावकाश वाचलं. कासव इतकं हळू कधीच चाललं नव्हतं. "मग?" मुंगी प्रत्येक पानाला म्हणत होती. तेराव्या पानावर दोरा मिळाला. चौदाव्यावर कासव वळलं. दाराआड मुलगा उभा होता, त्याची सावली फरशीवर दिसत होती. पंधराव्यावर पानं गळली.

"कासव दोरा घेऊन झाडाखाली बसलं पूर्ण. वाट पाहू लागलं पूर्ण." अण्णा थांबले. "मग एक दिवस चिमणी परत आली पूर्ण."

खोटंसुद्धा त्यांना विरामचिन्हाशिवाय बोलता आलं नाही.

मुंगी "मग" म्हणाली नाही. ती पुस्तकावर वाकली. तिला वाचता येत नव्हतं, पण मोजता येत होतं. तिने पहिल्या वाक्याखाली बोट ठेवलं. "एक." दुसऱ्याखाली ठेवलं. "दोन." मग बोट खाली सरकवलं. खाली कोरा पुठ्ठा होता. ती त्यावरून बोट कडेपर्यंत नेऊन परत घेऊन आली.

"तिसरं कुठाय?"

अण्णांनी कोऱ्या पुठ्ठ्याकडे पाहिलं.

"परत," मुंगी म्हणाली.

एकतीस वर्षांत हा शब्द त्यांनी हजारदा ऐकला होता आणि प्रत्येक वेळी चूक प्रुफात असायची. त्यांनी चष्मा नीट केला.

"कासव दोरा घेऊन झाडाखाली बसलं पूर्ण. वाट पाहू लागलं पूर्ण."

"हं," मुंगी म्हणाली. दाराआडची सावली हलली. मुंगीने पुस्तक मिटलं, मागचा पुठ्ठा न वाचून घेताच, आणि हात मांडीवर ठेवून विचारलं, "आई येणार नाहीये का?"

"असं कुणी सांगितलं?"

"काही झालं की बाबा चिमणी आणतो. आपला पोपट मेला तेव्हापण म्हणाला, उडून गेलाय, येईल परत. तू कधीच आणत नाहीस." ती त्यांच्याकडे बघत राहिली, रागाने नव्हे, तपासल्यासारखी. "तुला बाबाने सांगितलं का आणायला?"

अण्णांनी दाराकडे बघितलं नाही.

"कागद आहे का?" मुंगी म्हणाली.

खिशातून घडीचं टोक वर आलेलं होतं. ते बहुधा तिला पहिल्या पानापासून दिसत होतं. अण्णांनी कागद काढला, उलगडला आणि दोघांच्या मधे पुस्तकावर ठेवला. मुंगी पुढे सरकली. तिने पहिल्या ओळीच्या सुरुवातीला बोट टेकलं आणि वाट बघायला लागली.

त्यांनी जावक क्रमांक वाचला. एकेक आकडा सुटा. दिनांक वाचला. विषय वाचला. आवाज सरळ होता, समोरच्यांना आवडला असता असा. मुंगीचं बोट आवाजाबरोबर चाललं होतं, थोडं मागे, थोडं पुढे, चुकीच्या शब्दांवरून बरोबर वेगाने.

"आपणांस कळविण्यात येते की स्वल्प मनुष्यबळाच्या अभावी स्वल्प आपल्या प्रशिक्षणाचा कालावधी आणखी तीन..."

आवाज फुटला.

मुंगीचं बोट थांबलं. तिने मान वर केली नाही. दुसऱ्या हाताने तिने पहिला हात मनगटाशी दाबून धरला, बोट सरकू नये म्हणून.

अण्णा उठले. दार उघडून मुलगा आत आला, चेहरा उतरलेला. "अण्णा? अण्णा, काय झालं? अहो, बोला ना..."

"बाबा, गप," मुंगी कागदावरची नजर न काढता म्हणाली. "त्याला विचारायचं नसतं."

अण्णा मुलाच्या अंगावरून वाट काढत, काही न बोलता, बाहेर गेले.